आधी जेवणाचा डबा, मग पावडरीचा

जिममध्ये नाव घालून आठवडा होत नाही, तोच नव्या मुलाला प्रश्न येतो, ‘डबा कोणता घेतोस?’ हा डबा पोळी-भाजीचा नव्हे. काउंटरमागच्या फळीवर ओळीने मांडलेल्या काळ्या-सोनेरी डब्यांपैकी एक. व्हे, आयसोलेट, कॅसीन, मास गेनर, प्लँट... नावे वाचतानाच छाती दडपावी. पुण्यात कॉट बेसिसवर राहून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला त्यातला एक चांगला डबा जवळपास महिनाभराच्या मेसच्या खर्चात पडतो. म्हणजे हा डबा घ्यायचा तर त्या डब्यात काटकसर करायची. आणि कात्री लागते ती बहुधा दूध, अंडी आणि केळ्यांनाच. प्रथिने विकत घेण्यासाठी प्रथिनेच कापायची, असा हा उफराटा व्यवहार!

प्रथिनांची पावडर वाईट नसते. ते काही औषध नव्हे आणि विषही नव्हे. दुधातून, सोयाबीनमधून किंवा वाटाण्यातून काढून सुकवलेले अन्न आहे ते. पण कोणती घ्यावी याचे उत्तर जिमच्या फळीवर सापडत नाही. ते सापडते दिवसभराच्या ताटात. ताटात किती कमी पडते हे ठाऊक नसताना डबा निवडणे म्हणजे भोक किती मोठे हे न पाहता ठिगळ कापणे.

तर आधी ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीत यावर साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम वाढवायचे.

आता एका शाकाहारी मुलाचा नेहमीचा दिवस मोजून पाहा. सकाळी शेंगदाणे घातलेले बशीभर पोहे, साधारण ६ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्यांतून ९, भाजीतून २, वाटीभर घट्ट वरणातून ५ आणि भातातून ३ ग्रॅम. संध्याकाळी चहा-बिस्किटे, फार तर २. रात्री दोन भाकऱ्यांतून १० आणि पिठल्यातून ६. झोपताना पेलाभर दूध घेतले तर ८. बेरीज होते ५१ ग्रॅम. व्यायाम न करणाऱ्या ६५ किलोच्या माणसाला हे जेमतेम पुरेसे म्हणता येईल. पण त्यातले दूध वगळले, वरणाच्या जागी मेसची पाणीदार आमटी आली आणि रात्री भाकरी-पिठल्याऐवजी वडापाव झाला, की आकडा झपाट्याने घसरतो. आपल्याकडे पोट भरते ते मुख्यतः धान्याने. धान्यातही प्रथिने असतात, पण त्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींमध्ये ते भरपूर असते आणि तिथे मेथिओनीन कमी असते. वरण-भात ही जोडी एकमेकांचे उणे भरून काढते ती अशी. अट एवढीच की वरणात डाळ दिसली पाहिजे.

व्यायाम सुरू केला की गरज वाढते, हे खरे. किती वाढते, यावर मात्र जिममध्ये प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. वजने उचलणाऱ्यांवर झालेल्या ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंत सरासरी आणखी भर पडत नाही, असे त्यात दिसले. २०२४ मधल्या भारतीय आहार मार्गदर्शक सूचनांतही हाच आकडा आहे. शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळाव्यात, असेही त्या सूचना सांगतात. क्रीडापोषणातले तज्ज्ञ इतके कडक नाहीत. सोयीसाठी पावडर घ्यायला त्यांची हरकत नसते. दोघांचे एकमत आहे ते याच्यावर, की आधी जेवण.

६५ किलोच्या मुलासाठी १.६ म्हणजे १०४ ग्रॅम. वरच्या ताटात ५३ ग्रॅमची तूट आहे. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम सोया वडी २६ आणि पन्नास ग्रॅम फुटाणे १०, असे ४८ ग्रॅम इथेच होतात. वाटीभर दही आले की हिशेब पुरा. पोलीस भरतीला १६०० मीटर धावायचे आहे, १०० मीटर धावायचे आहे आणि गोळा फेकायचा आहे. अशा तयारीला दर किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर ७८ ग्रॅम पुरतात. त्या मुलाची तूट दोन अंडी, मूठभर फुटाणे आणि दह्यात संपते. धावताना पाय गळतात ते बहुतेक वेळा कर्बोदके, पाणी आणि झोप कमी पडल्यामुळे. त्यावर कुठल्याच डब्याचा उपाय नाही. दुसरीकडे शंभर किलोच्या माणसाने शंभरला १.६ ने गुणू नये. उंचीला साजेसे वजन धरून गुणावे, नाहीतर चरबीसाठीही प्रथिने मोजली जातील.

एवढे करूनही तूट उरते अशी माणसे असतात. अंडी न खाणारी, सोया वडीला नाक मुरडणारी, सकाळी सहाची लोकल पकडणारी, हॉस्टेलवर गॅस नसलेली. त्यांनी डबा जरूर घ्यावा. मग त्यात असते काय, हे पाहू.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळे पाणी जमते. पनीर करताना उरते ती निवळीही तशीच. व्हे म्हणजे हेच पाणी. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के कॅसीन असते. चीजचा गोळा त्याचाच होतो. उरलेली २० टक्के पाण्यात जातात. पाश्चात्त्य देशांतल्या चीजच्या कारखान्यांना एके काळी या पाण्याचे करायचे काय, हा प्रश्न असे. ते डुकरांना पाजत, शेतात किंवा नदीत सोडत. पुढे त्यातून प्रथिने गाळून काढायचे पडदे आले आणि सांडपाण्याचे सोने झाले. या शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅमही प्रथिने नसतात, म्हणून २४ ग्रॅमच्या एका स्कूपमागे तीन लिटरहून अधिक पाणी लागते. घरच्या चक्क्याचे पाणी पिऊन मात्र तो परिणाम साधणार नाही. आपण दूध उकळून विरजतो. उकळताना ही प्रथिने बरीचशी कॅसीनला चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. त्या पाण्यात कणीक भिजवावी, छान होते.

गाळलेले पाणी सुकवले की मिळते कॉन्सन्ट्रेट. चांगल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, बाकी दुधातली साखर आणि थोडे स्निग्ध. आणखी गाळले की ९० टक्क्यांच्या घरातले आयसोलेट. दूध पचते त्याला स्नायूंच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. आयसोलेटचे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. दुधाने पोट फुगते, गुडगुडते अशांना मात्र आयसोलेट सोसते, कारण त्यात लॅक्टोज नाममात्र उरते. हायड्रोलायसेट म्हणजे आधीच तुकडे केलेली प्रथिने. ती कडवट, महाग आणि सामान्य माणसाला अनावश्यक. कॅसीनची पावडर सावकाश पचते, म्हणून ‘रात्रीची’ म्हणून विकली जाते. पेलाभर दूध किंवा वाटीभर दही तेच काम करते.

दूधच वर्ज्य असेल, किंवा त्याची खरी ॲलर्जी असेल, तर व्हेच्या कुठल्याच प्रकाराकडे वळू नये. ॲलर्जी प्रथिनांची असते, साखरेची नव्हे. अशांसाठी सोया आयसोलेट आहे. शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्ले पुरेशी असणाऱ्या मोजक्या वनस्पतींत सोयाबीन येते. वाटाणा आणि तांदूळ यांची एकत्र पावडरही चालते. ते आपले वरण-भाताचेच गणित आहे, नुसते डब्यात भरलेले. स्नायू बांधायला चालना देणारे ल्युसीन व्हेमध्ये जास्त असते, म्हणून वनस्पतीजन्य पावडरीचे प्रमाण थोडे वाढवले की फरक बराचसा मिटतो. कोलॅजनच्या पावडरीत ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. स्नायूंसाठी ती घेणे फुकट. बीसीएएच्या रंगीत सरबताचेही तेच. त्यात तीन अमिनो आम्ले, आणि तीही व्हेमध्ये, दुधात, डाळीत असतातच.

सडपातळ मुलांच्या गळ्यात हमखास मारला जातो तो मास गेनर. डबा मोठा, किंमत कमी, चित्रातले दंड आणखी मोठे. आत बहुतांश माल्टोडेक्स्ट्रीन, म्हणजे झटपट साखर होणारा स्टार्च. वजन वाढवायचे असेल तर पेलाभर दूध, दोन केळी, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि ३० ग्रॅम सत्तूचे पीठ मिक्सरमधून काढावे. २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि साडेसहाशेच्या घरात उष्मांक मिळतात. उलट वजन उतरवणाऱ्याने कमी साखरेची, साधी पावडर पाहावी. प्रथिनांनी भूक आवरते आणि खाणे कमी केल्यावर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते थोडे वाचतात. वजन कमी करण्याची इंजेक्शने घेऊन ज्यांची भूक मेली आहे, त्यांना तर याची गरज अधिक. पण जेवण तेच ठेवून वर पावडर घेतली, तर दर स्कूपमागे शंभर-सव्वाशे उष्मांक वाढतील, इतकेच.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेकर तोंडाला लावला नाही तर मेहनत वाया, हा समज जिममधून जाता जात नाही. दिवसभराची बेरीज महत्त्वाची आणि ती तीन-चार खाण्यांत विभागली तर अधिक चांगले. आपली सकाळ बहुधा कोरडी जाते. पोहे, उपमा, चहा-खारी. स्कूप घ्यायचाच तर तिथे घ्यावा. थालीपिठाच्या पिठात मिसळला तरी चालतो. तव्यावर प्रथिनांची घडी मोडते, अमिनो आम्ले बहुतांशी तशीच राहतात. उकळत्या चहात मात्र टाकू नये, गुठळ्या होतात.

प्रकार ठरला की डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. पहिला हिशेब एका स्कूपचे वजन किती आणि त्यात प्रथिने किती, याचा. ३२ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ७५ टक्के. समजा असा किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे, तर ७५० ग्रॅम प्रथिने मिळाली, ग्रॅमला तीन रुपये वीस पैसे. शेजारी हजार रुपयांचा किलोभर मास गेनर आहे, शंभर ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिने असलेला. तिथे ग्रॅमला साडेसहा रुपयांहून जास्त पडले. स्वस्त डबा दुप्पट महाग निघाला.

पण छापलेला आकडा तरी खरा कशावरून? इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने अन्नातला नायट्रोजन मोजायची पद्धत काढली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की प्रथिने मिळतात. पद्धत सोपी, म्हणून जगभर रुजली. तिची अडचण एकच : नायट्रोजन प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे तिला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाईन मिसळले गेले ते याच फटीतून. मेलामाईनमध्ये दोनतृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे पातळ दूध चाचणीत सकस ठरत गेले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा तान्ही बाळे मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली.

पावडरीच्या धंद्यात याची सौम्य आवृत्ती चालते. ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटीन असे स्वस्त नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळायचे आणि आकडा फुगवायचा. म्हणून घटकांच्या यादीत यांची नावे स्वतंत्र दिसली तर थबकावे. अमिनो आम्लांचा तक्ता असेल तर ल्युसीन पाहावे. खऱ्या व्हेच्या २४ ग्रॅम प्रथिनांत ते अडीच ग्रॅमच्या आसपास असते. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असे लिहून प्रत्येक घटकाचे प्रमाण झाकलेले असेल, तर तो डबा ठेवून द्यावा.

ही भीती कल्पनेतली नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी झाली आणि ती २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात आली. ३६ पैकी २५ पावडरींवरचा प्रथिनांचा दावा चुकीचा निघाला. काहींत निम्म्याहून कमी प्रथिने होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन सापडले, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. अनेक डब्यांत वनस्पतींचे अर्कही मिसळलेले होते. यकृताला त्रास देणारे अर्क ‘हर्बल’ या शब्दाआड सहज लपतात. म्हणून साधा नियम : घटकांची यादी जितकी आखूड तितके बरे. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. स्वतंत्र प्रयोगशाळेचा, त्याच बॅचचा अहवाल उपलब्ध करणारी कंपनी निवडावी. सुट्या पिशवीतली, ‘इंपोर्टेड पण बिलाशिवाय’ मिळणारी पावडर कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी नको.

राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार धरला जातो. ‘पावडरीत होते, मला माहीत नव्हते’ या खुलाशाने शिक्षा फार तर सौम्य होते. प्रशिक्षकाने डब्यासोबत गोळी किंवा इंजेक्शनही पुढे केले, तर ती जिमच सोडावी.

मूत्रपिंडांचे काय? निरोगी माणसाची मूत्रपिंडे या प्रमाणात प्रथिने घेतल्याने बिघडतात, असा पुरावा नाही. अडचण वेगळी आहे. आपली मूत्रपिंडे निरोगी आहेत की नाहीत, हे अनेकांना ठाऊकच नसते. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे मुकाट्याने त्यांना पोखरत असतात. ज्यांना यापैकी काही आहे, किंवा घरात मूत्रपिंडाच्या आजाराचा इतिहास आहे, त्यांनी डबा फोडण्याआधी रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. आजार असेल तर प्रथिने कमी करावी लागतात. डायलिसिसवर मात्र उलटे. तिथे ती वाढवावी लागतात. हा हिशेब डॉक्टरांचा, जिममधल्या ट्रेनरचा नव्हे.

गंमत अशी, की ज्या घरात मुलासाठी डबा येतो, त्याच घरात त्याची खरी गरज असलेले माणूस बहुतेकदा दुसरेच असते. सत्तरीतल्या आजी. सकाळी चहा-खारी, दुपारी दात नाहीत म्हणून एक पोळी आमटीत कुस्करून, रात्री मऊ भात. वरच्यासारखी बेरीज केली तर ती तिशीच्या आतबाहेर रेंगाळते. एकादशी, चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने असतात ती फक्त दाण्याच्या कुटातली. साबुदाण्यात ती जवळजवळ नाहीतच. उतारवयात स्नायू झिजत जातात आणि खाल्लेल्या प्रथिनांना ते पूर्वीसारखा प्रतिसादही देत नाहीत. म्हणून वृद्धांच्या पोषणाचे अभ्यासक दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. त्यांच्यासाठी हा प्रश्न दंडाच्या घेराचा नसतो. आधाराशिवाय खुर्चीतून उठता येईल का आणि न्हाणीघरात घसरल्यावर खुब्याचे हाड शाबूत राहील का, याचा असतो.

त्यांना महागडा डबाच हवा असे नाही. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात. २५ ग्रॅम भुकटी खिरीत, सूपमध्ये किंवा कढीत मिसळली की ९ ग्रॅम गेली. दूध सोसत नसेल तर बिनचवीचे आयसोलेट अर्धा स्कूप सकाळी आणि अर्धा रात्री. गुरगुट्या भातावर मेतकूट चवीला हवेच, पण चमचाभर मेतकुटातून एक-दोन ग्रॅमच मिळतात. मऊ शिजवलेले मुगाचे वरण वाटीभर घालावे. सोबत दिवसातून दोनदा, धरायला कोणी जवळ असताना, खुर्चीतून दहा वेळा उठबस करावी. स्नायूंना काम नसेल तर प्रथिने नुसतीच पचून जातात. आणि पहाटे थायरॉईडची गोळी चालू असेल, तर दुधाची किंवा सोयाची पावडर त्या गोळीनंतर चार तासांनी द्यावी. एकत्र गेली तर गोळी नीट शोषली जात नाही. कंपवातावरची लीव्होडोपाची गोळीही प्रथिनांबरोबर दिली तर तिचा असर कमी होतो. तिची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.